शेकाबरोबर सलाईन



संक्रांत जवळ आली की या सदराच्या टपालात गुळाच्या पोळीचे प्रश्न येतात. पोळी फुटते, गूळ तव्यावर येतो, सारण कोरडे होते. यंदाही आले. त्या गठ्ठ्यात एक पत्र मात्र वेगळे निघाले. वहीची दोन पाने, अक्षर सुरुवातीला नेटके आणि पुढे पुढे घाईचे. खाली नाव नव्हते, पत्ता मात्र होता, म्हणजे उत्तर हवे होते. ते मी त्याच दिवशी टपालात टाकले. पण पत्रातली अडचण एकटीची नाही, म्हणून या आठवड्यात गुळाची पोळी बाजूला ठेवते. रागावू नका.

पत्र थोडक्यात असे : "ताई, माझे वय ४४. पिशवीच्या तोंडाशी कॅन्सर निघाला. तिसरा टप्पा म्हणतात. ऑपरेशन करायचे नाही म्हणाले. सोमवार ते शुक्रवार रोज शेक आणि दर मंगळवारी सलाईनमधून औषध. तिसरा आठवडा चालू आहे. दिवसातून सहा-सात वेळा जावे लागते, लघवीला आग होते, सलाईननंतर दोन दिवस फोडणीचा वाससुद्धा नको होतो. घरचे म्हणतात, शेक तेवढे घे, ते विषारी सलाईन बंद कर. यजमान काहीच बोलत नाहीत. मुलगी बारावीला आहे. डॉक्टर अगदी तरुण मुलगा, त्याला हे सगळे कोणत्या तोंडाने सांगू? काय करू ते कळवा." आणि खाली ताजा कलम, त्याच्याकडे शेवटी येते.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. स्वयंपाकघर आणि घरसंसार हा माझा प्रांत. पण हा विषय आमच्या घरात येऊन गेलेला आहे. शिवाय खालचा मजकूर शेक देणाऱ्या विभागात बरीच वर्षे काम केलेल्या एका डॉक्टरीणबाईंकडून तपासून घेतला आहे. त्यांनी दोन ठिकाणी माझे कान उपटले, ते दुरुस्त केले.

शेक म्हणजे काय ते आधी पाहू. कोणी लाईट म्हणतात, कोणी किरणे, आमच्या सासूबाई शेवटपर्यंत 'रेडियम' म्हणत. यंत्राखाली काही मिनिटे निजायचे. दुखत नाही, चटका बसत नाही. असे साधारण पंचवीस दिवस, म्हणजे पाच आठवडे. मग 'आतून शेक', त्यात नळी आत बसवून नेमक्या जागी किरणे देतात. तो बहुधा तीन-चार वेळा असतो. सगळे मिळून आठ आठवड्यांच्या आत संपवायचे असते. आठ आठवडे हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि आठवड्याचे सलाईन म्हणजे बहुतेक ठिकाणी सिस्प्लॅटिन. यात चक्क प्लॅटिनम आहे बरं का, दागिन्यातले! १९६५ साली अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग नावाचे शास्त्रज्ञ विजेचा जंतूंवर काय परिणाम होतो ते पाहत होते. जंतूंची वाढ खुंटली ती विजेने नव्हे, तर प्रयोगातल्या प्लॅटिनमच्या पट्ट्यांतून पाण्यात उतरलेल्या द्रव्याने, असे निघाले. त्यातून हे औषध आले, आणि १९७८ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. पण पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरला बायकांना शेकच देत असत. १९९९ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने पाच मोठ्या चाचण्यांवरून डॉक्टरांना कळवले, की शेकाबरोबरच हे औषध दिले तर जास्त बायका वाचतात. तेव्हापासून जगभर ही पद्धत पडली.

दोन्ही एकाच वेळी का? डॉक्टरीणबाईंना मी विचारले तर त्या पेशी, केंद्रक असे सांगू लागल्या. मी म्हटले, मला मोरीतल्या भाषेत सांगा. हसल्या आणि म्हणाल्या, मळका कपडा नुसता आपटला तर मळ निघतो थोडा. साबण लावून आपटला तर जास्त निघतो. किरणांनी कॅन्सरच्या पेशीला इजा होते, ती पेशी रात्रीतून स्वतःला दुरुस्त करायला बघते. औषध ती दुरुस्ती होऊ देत नाही. म्हणून औषध आधी आणि शेक नंतर कधीतरी, असे चालत नाही. साबण आज लावायचा आणि कपडा महिन्याने आपटायचा, असे आपण करतो का? पण, त्या म्हणाल्या, साबण लावून आपटलेला कपडा विरतोही लवकर. तुमच्या वाचकभगिनीचे जुलाब म्हणजे ते विरणे.

आता पत्रातला खरा प्रश्न. घरचे म्हणतात तसे शेक तेवढे घेतले आणि सलाईन सोडले तर काय बिघडेल?

हाच प्रश्न मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉक्टरांनाही पडला होता. अमेरिकेतल्या बायका अंगापिंडाने भरलेल्या, रक्त चांगले, दुखणे लवकर ध्यानात आलेले. आपल्याकडच्या बाया रक्त कमी असलेल्या, उशिरा आलेल्या. त्यांना हे औषध झेपेल का? उपयोग होईल का? म्हणून त्यांनी २००३ ते २०११ या काळात तिसऱ्या टप्प्यातल्या ८५० बायकांची पाहणी केली. निम्म्यांना नुसते शेक, निम्म्यांना शेक आणि दर आठवड्याला सिस्प्लॅटिन. २०१८ मध्ये निकाल छापून आला. पाच वर्षांनी नुसते शेक घेतलेल्यांपैकी शंभरात ४६ हयात होत्या, दोन्ही घेतलेल्यांपैकी शंभरात ५४. रक्ताच्या पेशी कमी होण्याचा त्रास दोन्ही घेणाऱ्यांना जास्त झाला, हेही त्यात नोंदवलेले आहे.

म्हणजे शंभरात आठ. मी हा आकडा कागदावर लिहून बराच वेळ बघत बसले होते. शंभरातल्या ४६ जणी सलाईनशिवायही राहिल्या असत्या. ४६ जणी दोन्ही घेऊनही राहिल्या नाहीत. मधल्या आठ जणींसाठी सगळ्या शंभर जणींनी ओकाऱ्या काढायच्या, आणि त्या आठांत आपण आहोत की नाही ते कोणीच सांगू शकत नाही. हा हिशेब काही गोड नाही. पण आमच्या सोसायटीच्या भिशीत पंचवीस जणी आहोत. तशा चार भिश्या धरल्या तर त्यातल्या आठ जणी पाच वर्षांनी हळदीकुंकवाला असतील किंवा नसतील, असा तो फरक आहे. माझ्या मते तो थोडा नाही. पाच सलाईने, फार तर सहा, एवढीच त्याची किंमत. तुमची दोन-तीन झालीसुद्धा.

अलीकडच्या वर्षांत याच्या आधी किंवा जोडीला आणखी काही औषधे देऊनही फायदा दिसला आहे. ती कोणाला द्यायची, परवडतील का, हे तुमच्या डॉक्टरांशी बोला. शेक आणि सलाईन हा पाया तोच आहे.

"ऑपरेशन करत नाहीत म्हणजे हात टेकले," असे शेजारणी म्हणतात. तसे नाही. टाटामध्येच तुमच्याहून आधीच्या टप्प्यांतल्या, म्हणजे ऑपरेशन शक्य असलेल्या, ६३३ बायकांची दुसरी पाहणी झाली. काहींना औषध देऊन मग ऑपरेशन, काहींना शेक आणि सलाईन एकत्र. पाच वर्षांनी हयात असणाऱ्या दोन्हीकडे जवळजवळ सारख्याच होत्या, आणि दुखणे उलटले नाही अशा उलट शेक-सलाईनवाल्यांत जास्त, शंभरात ७७ विरुद्ध ६९. तेव्हा सुरी नाही म्हणजे आशा नाही, असे नव्हे.

आता आमच्या घरातले सांगते. ते लिहावे की नाही, हा विचार दोन दिवस केला.

२०१४ साली आमच्या थोरल्या जाऊबाईंना हेच दुखणे निघाले. मी त्यांना वहिनी म्हणत असे. जिल्ह्याच्या गावी शेक आणि दर आठवड्याला सलाईन सुरू झाले. गाव एस.टी.ने दीड तासावर. पहाटे साडेपाचला निघत, परत यायला दुपारचे तीन. तिसऱ्या आठवड्यात त्यांना जुलाब लागले. हे आम्हाला कोणालाही माहीत नव्हते. वहिनींनी आपल्यापुरता मार्ग काढला : गाडीत अडचण होऊ नये म्हणून खाणे बंद, पाणी बंद. सकाळी अर्धा कप चहा, मग थेट घरी आल्यावर काय ते. तिथे सिस्टर सांगत, शेकाआधी पाणी पिऊन लघवी धरून ठेवा. त्या बाटली तोंडाला लावल्यासारखे करत. हे त्यांनीच मला नंतर हसत हसत सांगितले.

त्याचे काय झाले ते ऐका. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडांवर फार जड. म्हणून तर आधी आणि नंतर नुसते सलाईन चढवतात आणि घरी भरपूर पाणी प्यायला सांगतात. जुलाबाने अंगातले पाणी चाललेले, वरून पिणे नाही. चौथ्या आठवड्यात रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेले निघाले. डॉक्टरांनी औषध थांबवले, त्यांना थांबवावेच लागले. तीन सलाईनांवर वहिनींचे औषध संपले. मग घरात विचार निघाला, नाहीतरी सलाईन बंदच आहे, माहेरी पुतणीचे लग्न आहे, चार दिवस जाऊन येऊ दे बिचारीला. चाराचे नऊ झाले. अंगात थकवा होता म्हणून आल्यावर आणखी काही दिवस गेले. आठ आठवड्यांचे काम संपायला दहा आठवडे लागले.

दीड वर्षाने त्याच जागी दुखणे उलटले. २०१६ च्या श्रावणात वहिनी गेल्या.

त्या न प्यायलेल्या पाण्यामुळे किंवा त्या नऊ दिवसांमुळे त्या गेल्या, असे कोणीही डॉक्टर म्हणणार नाही, आणि मीही म्हणत नाही. सगळे वेळेवर होऊनही कित्येकींचे उलटते. पण मी डॉक्टरीणबाईंना विचारले तेव्हा त्यांनी सांगितले, की आठ आठवड्यांपुढे जितके दिवस लांबतात, तितका शेकाचा गुण उतरत जातो. जुन्या पाहण्यांत दर दिवसामागे अर्धा ते एक टक्का, असे आढळले आहे. दोन आठवड्यांचा हिशेब तुम्हीच करा. लग्नाला जाण्यासाठी वहिनींची नवी पैठणी मीच इस्त्री करून दिली होती. तेव्हा मला यातले काही ठाऊक नव्हते.

म्हणून, पत्र लिहिणाऱ्या माझ्या भगिनी, तुमच्या जुलाबांबद्दल मी इतके मोकळेपणी लिहिते आहे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जुलाब लागणे हे ठरलेलेच. आतड्यालाही किरणे लागतात, त्याचे अस्तर हुळहुळे होते. तो तरुण मुलगा रोज हेच ऐकतो, आणि ऐकले नाही तर त्याला काळजी वाटते. तोंडाने सांगवत नसेल तर चिठ्ठी लिहा. 'काल किती वेळा, पातळ की पाणी, रक्त पडले का, लघवी किती वेळा, उलटी किती वेळा, पाणी किती ग्लास' एवढे रोज रात्री लिहायचे आणि सकाळी सिस्टरच्या हातात द्यायचे. मुलीची जुनी वही पुरेल. त्यावरून डॉक्टर जुलाब थांबवायची गोळी किती द्यायची ते ठरवतील. लघवीची आग कधी शेकाची असते, कधी जंतूंची. जंतूंची असली तर औषध वेगळे लागते, म्हणून लघवी तपासतील.

आणि आता माझ्या प्रांतात येते. या आठवड्यांत आपले नेहमीचे 'पौष्टिक' ते विसरायचे. पालेभाजी, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, मोड आलेली उसळ, भाकरी, सालीची फळे हे सगळे चांगलेच, पण हुळहुळ्या आतड्याला खरखरीत. ते दोन महिने बंद. दूधही बहुतेकींना पचेनासे होते, पोट गुरगुरते. ताक मात्र बहुतेकींना चालते, ताजे आणि आंबट नसलेले, जिरेपूड आणि मीठ घालून. मऊ भात, वरचे वरण, मुगाच्या डाळीची पातळ खिचडी (साल काढलेली डाळ), साबुदाण्याची पेज, उकडलेला बटाटा, पिकलेले केळे, शिजवलेले सफरचंद. अंडे चालत असेल तर उकडून रोज एक. कोंबडीचे सूप, तिखट न घालता. वजन घटू देऊ नका. थोडे थोडे, दिवसातून सहा वेळा खा. मसाला, तळण, मिरचीचा ठेचा नको. कोणी 'जुलाब आहेत ना, मग लंघन कर' म्हणेल, तिकडे लक्ष देऊ नका.

पाण्याचे वेगळे सांगते, कारण वहिनींचे घोडे तिथेच अडले. डॉक्टरांनी बंधन घातले नसेल तर दिवसाला दोन-अडीच लिटर तरी पोटात जायला हवे, सलाईनच्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस जास्तच. साधे पाणी जात नसेल तर पेजेचे पाणी, ताक, शहाळे, औषधाच्या दुकानातल्या पुडीचे क्षाराचे पाणी. प्रवासाची भीती वाटत असेल तर रुग्णालयाजवळ राहण्याची सोय विचारा. मुंबईला टाटाच्या रुग्णांसाठी दादरला गाडगेमहाराजांची धर्मशाळा आहे हे पुष्कळांना माहीत असते, पण इतर गावांतही रुग्णालयाच्या समाजसेविकेला विचारले की काहीतरी निघते. खर्चाचेही तिलाच विचारा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात.

उलटीची गोळी उलटी झाल्यावर घेऊ नये, आधी घ्यावी. या औषधाची मळमळ कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उफाळते, म्हणून घरी दिलेल्या गोळ्या 'आज बरे वाटते' म्हणून सोडू नका. फोडणीचा वास नको होत असेल तर ते दोन दिवस स्वयंपाक दुसऱ्या कोणी करावा. यजमान काहीच बोलत नाहीत ना? मग त्यांना खिचडी टाकायला सांगा. बोलता येत नसलेल्या पुरुषांना काम दिले की जरा बरे वाटते, असा माझा अनुभव आहे.

केसांची धास्ती पुष्कळजणींना असते. सिस्प्लॅटिन एकटे असले की डोक्यावरचे केस विरळ होतात, पण सहसा सगळे जात नाहीत. कानात शिट्टी वाजल्यासारखे झाले, ऐकू कमी आले, बोटांना मुंग्या आल्या तर मात्र पुढच्या सलाईनच्या आधी सांगायचे. आणि ताप! शंभरच्या वर गेला किंवा थंडी वाजली, तर क्रोसीन घेऊन सकाळची वाट बघायची नाही. पांढऱ्या पेशी कमी असताना आलेला ताप रात्रीतून वाढतो. त्याच वेळी रुग्णालय गाठायचे. पोटावर शाईने खुणा केल्या असतील तर त्या साबणाने घासू नका, कातडीला तेल-हळद लावू नका.

अंथरूण, भांडी वेगळी ठेवायची काही गरज नाही. या शेकाची किरणे अंगात राहत नाहीत, आतल्या शेकाची नळी काढली की तीही संपली. मुलीला खुशाल जवळ घ्या.

आता जे कोणी सांगत नाही ते. आमच्या वहिनींना तर कोणीच सांगितले नव्हते. एका मोठ्या रुग्णालयात सहा महिने जाणे-येणे झाले, पण उपचार संपल्यावर हातात पुढची तारीख दिली, बाकी अवाक्षर नाही.

शेकाने अंडाशयाचे काम थांबते, म्हणजे पाळी कायमची जाते आणि मूल होत नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी अंगातून वाफा निघणे, रात्री घाम, चिडचिड हे एकाएकी सुरू होते. घरच्यांना वाटते, दुखण्याने स्वभाव बदलला. स्वभाव नव्हे, ते पाळी जाण्याचे आहे. लहान वयात असे झाले तर हाडे ठिसूळ होतात. तुमच्या प्रकारच्या कॅन्सरमध्ये हार्मोनच्या गोळ्या चालतात का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. बऱ्याचजणींना चालतात.

दुसरे म्हणजे योनिमार्ग आतून कोरडा आणि आखूड होत जातो, भिंती एकमेकींना चिकटतात. उपचार संपल्यावर काही आठवड्यांनी डायलेटर नावाचे गुळगुळीत नळीसारखे साधन वंगण लावून आठवड्यातून दोन-तीन वेळा काही मिनिटे वापरायला सांगतात. कधी सुरू करायचे ते डॉक्टर किंवा सिस्टर दाखवतील. हे केवळ संसारसुखासाठी नसते. मार्ग बंद झाला तर पुढच्या तपासणीत डॉक्टरांना आतले दिसतच नाही. पतिपत्नीसंबंध उपचार चालू असताना टाळायचे, पुढे जखम भरल्यावर डॉक्टरांना विचारून. दुखते म्हणून बाई टाळते आणि पुरुषाला वाटते हिला मी नकोसा झालो, किंवा हिचे दुखणे मला लागेल. कॅन्सर असा लागत नाही. हा परिच्छेद यजमानांना वाचायला द्या. मासिक त्यांच्या चहाच्या कपाशेजारी उघडे ठेवले तरी चालेल.

तिसरे बऱ्याच काळाने उपटते. वर्ष-दीड वर्षाने, कधी त्याहून उशिरा, शौचातून रक्त पडू लागते किंवा लघवी लाल होते. लोक म्हणतात मूळव्याध आणि नेतात कुठल्यातरी इंजेक्शनवाल्याकडे. तसे करू नका. शेक लागलेले आतडे नाजूक झालेले असते, तिथे कोणी तुकडा काढला किंवा सुई टोचली तर भोक पडून कायमचे नुकसान होऊ शकते. आधी शेकवाल्या डॉक्टरांना दाखवा, आणि दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तर 'मी शेक घेतलेले आहेत' हे पहिले वाक्य. दुखणे उलटले की आतडे चिडले, ते तेच ओळखतील. नव्या पद्धतीच्या यंत्रांवर आतड्याला चुकवून किरणे देता येतात. ऑपरेशननंतर शेक घेणाऱ्या ३०० बायकांची टाटातली पाहणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात आतड्याचा पुढचा त्रास शंभरात ४२ वरून २१ वर आला. असे यंत्र तुमच्या रुग्णालयात आहे का, विचारायला हरकत नाही. मात्र ते नाही म्हणून चालू शेक अर्धवट टाकून दुसरीकडे धावू नका, दिवस वाया जातात.

मुलीच्या बारावीचे तुम्ही लिहिले आहे. परीक्षा फेब्रुवारी-मार्चात, तुमचे आतले शेक जानेवारीअखेर संपायला हवेत. एकही दिवस बुडवला नाहीत तर तिच्या पेपरांच्या वेळी तुम्ही थकलेल्या असाल, पण घरी असाल. सुट्टी किंवा यंत्र बिघडल्यामुळे शेक चुकला तर 'तो दिवस कधी भरून काढणार?' असे तुम्हीच विचारा. आणि सलाईन बंद करायचे की नाही, हे रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवतील, थोरले दीर नाहीत.

राहिला ताजा कलम. "संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेले तर चालेल का? बायका काय म्हणतील?" त्या मंगळवारच्या रिपोर्टात पांढऱ्या पेशी ठीक असल्या आणि अंगात त्राण असले तर जा, फार गर्दीच्या वेळी नको, चारच्या सुमारास जा. खोकणारी कोणी असेल तर लांब बसा. निघण्याआधी जुलाबाची गोळी घ्यायची की नाही ते सकाळी सिस्टरना विचारा, आणि पाण्याची बाटली बरोबर न्या. वाण घ्या, कुंकू लावून घ्या. तिळाची वडी आणि गुळाची पोळी मात्र यंदा मुलीसाठी पदरात बांधून आणा, तीळ तुमच्या आतड्याला सध्या चालायचे नाहीत.

गुळाच्या पोळीची पत्रे पुढच्या अंकात.